बंद घराची बातमी

मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं छापून येते. फक्त गावाचं नाव आणि रकमेचा आकडा बदलतो. अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला आणि कपाटातले सोन्याचे दागिने व रोख रक्कम असा एकूण इतक्या लाखांचा ऐवज लंपास केला. आपण आकडा बघतो, 'एवढं सोनं घरात ठेवायचंच कशाला' असा शेरा मारतो आणि राशिभविष्याकडे वळतो. पण त्या एका वाक्यात दोन गोष्टी अशा असतात की त्यांच्यापुढे आकडा किरकोळ ठरावा. एक म्हणजे घर बंद होतं. दुसरी म्हणजे जे तुटलं ते कुलूप नव्हतं, कोयंडा होता. या दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या तर घराच्या राखणीवर आपण आजवर जो खर्च केला, त्यातला बराचसा चुकीच्या खात्यावर पडला, असं म्हणावं लागतं. चोराला कुलपाशी झुंजायची हौस नसते. घरात कोणी नाही ही बातमी त्याला लागली की त्याचं निम्मं काम होतं. आणि ही बातमी त्याला पुरवण्याचं काम बहुतेक वेळा आपणच, विनामूल्य आणि हौसेनं करत असतो.

आधी कुलपाला न्याय देऊ, कारण त्या बिचाऱ्यावर नाहक ठपका येतो. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला घेतली, आणि तेव्हापासून मध्यमवर्गाची कुलपावरची श्रद्धा काही ढळलेली नाही. कुलूप विकत घेताना आपण ते दुकानातच तीनदा ओढून बघतो. गावाला निघताना लावलं की पुन्हा ओढतो. जिना उतरल्यावर परत वर जाऊन एकदा लोंबकळून बघतो, कारण बायकोनं विचारलेलं असतं. आता घरफोडी झालेल्या दाराजवळ जाऊन नीट पाहा. कुलूप शाबूत असतं. ते तोंड घट्ट मिटून, उचकटलेल्या कोयंड्याला धरून लोंबत असतं, आणि त्याची किल्ली तिकडे कोकणात कुणाच्या तरी पर्समध्ये सुखरूप असते. कुलपानं आपलं काम चोख केलेलं असतं; दारच कोयंड्याला सोडून गेलं, त्याला ते काय करणार! तो कोयंडा ज्या चार स्क्रूंवर उभा असतो ते असतात जेमतेम पाऊण इंची. दार आतून पोकळ प्लायचं. त्यातून जेवायच्या सुट्टीची वेळ झाली म्हणून सुतारानं शेवटचे दोन स्क्रू पिळण्याऐवजी हातोडीनं ठोकलेले. सात लिव्हरचं पितळी कुलूप घ्यायला आपण तीन दुकानं फिरतो, पण ते ज्यावर टांगायचं त्या कोयंड्याचे स्क्रू किती लांबीचे, हे विचारणारा गिऱ्हाईक हार्डवेअरवाल्यानं अजून पाहायचा आहे.

कुलूप अजिंक्य असतं असं नव्हे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यांनी आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं. उघडून दाखवील त्याला २०० गिनी बक्षीस. कित्येक दशकं ते तसंच बसून होतं. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला आणि त्यानं ते उघडलं. सगळे मिळून सुमारे ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. एवढी चिकाटी असलेला माणूस आपल्याकडे घरफोड्या करत बसत नाही, स्पर्धा परीक्षेला बसतो. आपल्या चोराजवळ एक कटावणी असते आणि फार तर पंधरावीस मिनिटं. त्या वेळात कोणी येणार नाही, याची खात्री मात्र त्याला लागते. म्हणजे त्याची खरी गरज माहितीची असते. हत्यार दुय्यम.

जुन्या वाड्यांच्या बांधणीत या माहितीचा विचार आपोआप झालेला होता. दिंडी दरवाजाच्या मागे भिंतीतल्या खोबणीतून ओढून आडवा घालायचा तो अडसर. चांगला मांडीएवढा जाड वासा. पण त्याची खरी ताकद जाडीत नव्हती. अडसर फक्त आतूनच घालता येतो, त्यामुळे अडसर घातलेल्या घरात माणूस आहे हे त्रिवार सत्य. आणि माणूस असायचाच. सगळं घर लग्नाला गेलं तरी एखादी आत्या, संधिवाताची आजेसासू, किंवा लग्नघरच्यांशी अबोला धरलेले एखादे काका मागे राहायचे. रुसव्याफुगव्यांनी मराठी घरांचं किती संरक्षण केलं याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघं नोकरीला, मुलं क्लासला, आत्या तिच्या मुलाकडे पुण्याला, आणि अडसराची जागा बाहेरून लावायच्या कुलपानं घेतलेली. बाहेरून लावलेलं कुलूप म्हणजे दारावरच्या पाटीवर आडनावाच्या खाली 'सध्या गावाला' असं रंगवून घेण्यासारखंच आहे. रस्त्यावरून, जिन्यावरून, समोरच्या इमारतीतून, कुठूनही ते वाचता येतं, आणि वाचायला साक्षर असण्याचीही अट नाही. दारातच बसवलेलं लॅचचं कुलूप याबाबतीत तोंडाचं पक्कं. आत चार माणसं जेवत असोत की महिनाभर चिटपाखरू नसो, बाहेरून त्याचा चेहरा सारखाच. त्याच्यावर एकच आक्षेप घेतला जातो, की दुधाची पिशवी घ्यायला लुंगीवर बाहेर आलेल्या गृहस्थाच्या मागे ते दार ओढून घेतं. हा आक्षेप खरा आहे. मग चावीवाला येतो, दोन मिनिटांत दार उघडतो आणि पैसे घेऊन सगळ्या मजल्याची झोप उडवून जातो. तरीसुद्धा एका माणसाची अर्ध्या तासाची शोभा ही आठ दिवसांच्या जाहिरातीपेक्षा स्वस्तच पडते.

कुलूप हा या जाहिरातीचा निव्वळ मथळा. मजकूर आपण स्वतः लिहितो. मराठी कुटुंब गावाला निघतं तेव्हा ते गुपचूप निघूच शकत नाही. आठ दिवस आधी पेपरवाल्याला सांगितलं जातं, दूधवाल्याला सांगितलं जातं. इस्त्रीवाल्याला 'सोमवारनंतर या' म्हटलं जातं, कामाच्या बाईला सुट्टी दिली जाते आणि ती उरलेल्या चार घरी ती जाहीर करते. वॉचमनला तर 'जरा लक्ष ठेवा हं, शनिवारपर्यंत कोणी नाही' असं गेटवर उभं राहून सांगितलं जातं, आणि रिक्षाचा आवाज असल्यामुळे ओरडून. त्यात पेपरवाल्याचा निरोप त्याच्या मुलाला पोचत नाही, मग दारात पेपरांचा ढीग साठतो. सहा दिवसांचे सहा, रविवारची पुरवणी वेगळी. आत दिवाणखान्यातला एक दिवा 'कोणीतरी आहे असं वाटावं' म्हणून लावून ठेवलेला असतो. तो आठ दिवस अहोरात्र जळतो. भर दुपारी बारालाही जळतो. ज्या घरात वीजबिलावरून रोज भांडण होतं त्या घरात दुपारी बाराला दिवा जळतोय, म्हणजे आत कोणी नाही, हे चोराला सांगायला लागत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर आणखी सोपं. ज्या दारापुढे चार दिवस रांगोळी नाही ते दार मुक्कामी नाही.

इतक्यानंही भागत नाही म्हणून फोन आहे. विमानतळावर बोर्डिंग पास फाकवून काढलेला फोटो, खाली 'चलो केरळ, आठ दिवस नो ऑफिस'. तो पाहणाऱ्यांत मामेभाऊ असतात तसा गॅस शेगडी दुरुस्त करून गेलेला मेकॅनिकही असतो, कारण त्याचा नंबर आपणच जपून ठेवलेला. लग्नपत्रिकेचा तर कोणी विचारच करत नाही. तारीख, वार, मुहूर्ताची वेळ मिनिटापर्यंत, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रक म्हणून घरातल्या झाडून सगळ्यांची नावं, आणि 'आमच्या घरच्या कार्याला यायचं हं' असा चिमुकल्यांचा हट्ट. अमुक दिवशी सकाळी दहा ते चार या वेळात या कुटुंबातला एकही माणूस, अगदी चिमुकलेसुद्धा, घरी असणार नाही, याचं इतकं नेटकं वेळापत्रक छापून, वर गणपती घालून, आपण पाचशे लोकांना वाटतो.

यावर कोणी म्हणेल, हे नव्या काळाचं दुखणं झालं. मुळीच नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त, जे गोविंद बल्लाळ देवलांमुळे मराठी रंगभूमीवरही आलं, तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घरी चोरी करतो. चोरीचं एवढं शास्त्रशुद्ध वर्णन क्वचितच कुठे असेल. भिंतीला पाडायच्या भोकाचा आकार कमळासारखा ठेवावा की चंद्रकोरीसारखा, यावर तो विचार करतो. मापाची दोरी विसरला म्हणून जानव्यानं माप घेतो. दार कुरकुरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. आणि एवढ्या खटाटोपानंतर आत जाऊन पाहतो तर मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या! घर कलावंताचं, म्हणजे कफल्लक. शर्विलक रिकाम्या हातांनी परतण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, ज्याच्याकडे वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी रात्रीपुरती सांभाळायला दिलेली असते, तो झोपेत बरळतो आणि ती पेटी आपल्या हातानं शर्विलकाच्या हवाली करतो. भिंत फोडली चोरानं, पण ऐवज दिला राखणदारानं. वर सकाळी चारुदत्त त्या भोकाच्या कारागिरीचं कौतुक करतो. मालकाला कारागिरी दिसते, बरळणं दिसत नाही. पहिल्या सहस्रकातली ही परंपरा आपण सीसीटीव्हीच्या काळातही निष्ठेनं चालवली आहे.

कायद्याचंही लक्ष शर्विलकासारखंच वाटेवर. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं घरफोडीचे सहा प्रकार सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये ते तसेच उतरले आहेत. भिंतीला भोक पाडून शिरणं, खिडकीतून शिरणं, दाराच्या फटीतून तार घालून कडी उचलणं, दारात उभ्या असलेल्या माणसाला पाडून आत जाणं. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिनं दार उघडलं, तरी कायद्याच्या लेखी ती घरफोडीच, मग फुटलेलं काही नसो. सगळे मार्ग आले. पण घरात आज कोणी नाही हे चोराला कळलं कुठून, याचा रकाना मात्र नाही. तसा रकाना असता तर पंचनाम्यात साथीदार म्हणून फिर्यादीचंच नाव घालावं लागलं असतं.

घराबाहेरची बातमी आपण अशी फोडतो, तशी आतलीही. दागिने कुठे ठेवावेत याचं महाराष्ट्रभर जणू एकच परिपत्रक निघालेलं आहे. तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागे, माळ्यावरच्या जुन्या बॅगेत, नाहीतर गादीखाली. लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरची किल्ली ठेवणीतल्या साड्यांच्या दुसऱ्या थराखाली, आणि कपाटाची किल्ली कपाटावर. चोरही कुठल्यातरी आईच्याच हाताखाली वाढलेला असतो. त्याच्याही घरी तांदळाच्या डब्यात पाटल्या नसल्या तरी पन्नासच्या नोटा होत्याच. तो डबे उपडे करतो ते काही शोध म्हणून नव्हे, आठवण म्हणून. बँकेत लॉकर असतो, नाही असं नाही. पण लग्नसराईत दागिने बाहेर काढले की 'आता पुढच्या आठवड्यात बारसं आहेच' म्हणून ते घरीच राहतात, आणि बरोबर तोच आठवडा चोराच्या सोयीचा निघतो. बँकेतही निर्धास्त व्हावं असं नाहीच. तिथं चोरी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली सांगून ठेवलं आहे. तरी कोणाचा लॉकर किती नंबरचा, हे निदान जिन्यात चर्चिलं जात नाही. तेवढा तरी फायदा.

आता मुख्य आक्षेप. वॉचमन आहे, रजिस्टर आहे, कॅमेरे आहेत. मग माहिती फुटली तर फुटली, चोर पकडला जाईलच. रजिस्टरपासून सुरू करू. त्यात नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, आत येण्याची वेळ आणि कामाचं स्वरूप असे रकाने असतात. पहिल्या माणसानं कामाच्या रकान्यात 'पर्सनल' लिहिलं की खालचे सतराजण उभे ठिपके देत जातात. मोबाइल नंबर नऊ आकडी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती वही फक्त लिहिण्यासाठी असते, वाचण्यासाठी कोणी उघडतच नाही. सासूबाईंना मात्र त्यात सही केल्याशिवाय सोडत नाहीत. रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा पहारेकरी आपण कुठल्या इमारतीपाशी आहोत हे दर दोन मिनिटांनी कळवत असतो. ज्यांना ते कळून उपयोग नाही ते झोपलेले असतात आणि ज्याला उपयोग आहे तो जागा असतो. राहिला सीसीटीव्ही. त्याचा धाक आहे, हे मान्य. भुरटा चोर कॅमेरा पाहून पुढच्या इमारतीकडे वळतो, म्हणजे कॅमेऱ्यानं आपलं घर वाचलं आणि शेजाऱ्याचं गेलं. पण ज्याला आत कोणी नाही याची पक्की खबर आहे, तो माकडटोपी घालून येतो, जाताना शहाणा असेल तर रेकॉर्डिंगचा डबाही उचलून नेतो. मग राहते ती चित्रफीत: एक उंच, नाहीतर बुटका माणूस पिशवी घेऊन आला आणि दोन पिशव्या घेऊन गेला. बैल गेला आणि झोपा केला हे आपण पूर्वी नुसतं म्हणायचो; आता बैल जातानाचं चित्रीकरणही आपल्याकडे असतं.

दुसरा आक्षेप भाविकांचा. अहिल्यानगर जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारंच नाहीत, तिथं कोण कुठं कुलपांची चर्चा करतंय? हा आक्षेप चांगला आहे, कारण तो माझ्याच बाजूनं बोलतो. शनिमहाराजांचा धाक हा भाग सोडून देऊ. तो मोजता येत नाही. पण दार नसलेल्या घराचा एक गुण पाहा. मालक आत असताना ते जसं दिसतं, तसंच मालक शेतावर गेल्यावरही दिसतं. उघडं ते उघडंच. आत कोणी आहे की नाही ही बातमी घराच्या तोंडावर लिहिलेली नसते, आणि गाव एवढं की अनोळखी माणूस गल्लीत शिरला तर सगळ्यांच्या नजरेत येतो. अर्थात तिथंही २०११ मध्ये बँकेची शाखा बिनकुलपाची म्हणून गाजत उघडली, चोरीच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या आणि २०१५ साली पोलीस ठाणं आलं. यात्रेकरूंची गर्दी वाढली, ओळखीचे चेहरे कमी झाले, आणि नजर पातळ झाली. देवाचा प्रभाव कमी झाला असं मी म्हणणार नाही. साडेसातीच्या काळात असली विधानं करू नयेत.

तिसरा आक्षेप मात्र खरा अवघड आहे. दर दिवाळीला आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी पोलीस आवाहन करतात की गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगा, पोलीस ठाण्यालाही कळवा. आणि हा लेख तर म्हणतो की कोणाला सांगू नका! विरोध दिसतो तेवढा नाही. समोरच्या काकूंना सांगणं आणि साऱ्या जिन्याला सांगणं यात फरक आहे. काकूंना सांगितलं तर त्या पेपर आत घेतात, दुधाची रिकामी पिशवी आपल्या कडीला अडकवतात, आपल्या दारापुढच्या रांगोळीचे दोन ठिपके तुमच्याही उंबऱ्यात काढतात आणि अनोळखी माणूस दिसला की दार किलकिलं करून 'कोण पाहिजे?' विचारतात. हा प्रश्न त्या तुमच्या सख्ख्या भावालाही विचारतात, म्हणून इतर वेळी आपण त्यांना भोचक म्हणतो. काकू बोलतात फार, हे कबूल. त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत भजनी मंडळात जाते. पण भजनी मंडळातून चोरापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो, आणि काकूंची नजर तोवर दारावर असते. हा सौदा तोट्याचा नाही. ज्याच्या हातून राखण होईल त्याला बातमी द्यावी. पेपरवाल्याला 'आठवडाभर नको' एवढंच कळलं तरी पुरे. कुठे जाणार, किती जण जाणार, फ्लाइट कितीची, हे त्याला सांगून पेपर काही लवकर बंद होत नाही.

तेव्हा या दिवाळीला गावाला जाणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. नवं कुलूप घेऊ नका, दारात लॅच बसवा. बाहेरचा कोयंडा ठेवायचाच असेल तर त्याचे पाऊण इंची स्क्रू काढून दोन-अडीच इंची घाला, आणि सुतार ते पिळतो की ठोकतो हे शेजारी उभं राहून बघा. दिव्याला टायमर लावा; अहोरात्र जळणाऱ्या दिव्याच्या बिलापुढे तो महाग नाही. केरळचे फोटो परत आल्यावर टाका, हाउसबोट तोवर कुठे पळून जात नाही. आणि निघताना दुसरी किल्ली चपलांच्या कपाटात, डाव्या बाजूच्या जुन्या बुटात ठेवली असेल, तर ती आधी तिथून काढा.